फोटोखालची ओळ

एका ऊसतोड करणाऱ्या बाईनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे. या वेळचं संपादकीय त्यासाठीच लिहिते आहे. प्रश्न ऑगस्ट २०२२ मधला, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा.

तेव्हा स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि जिकडेतिकडे कार्यक्रम चालले होते. आपणही आपल्या पद्धतीनं काही करावं म्हणून आमच्या गटानं वीस फोटोंचं एक पोस्टर प्रदर्शन तयार केलं. नाव दिलं, 'या देशाचा खरा चेहरा'. तिसऱ्या पोस्टरवरचा फोटो मी काढलेला होता. त्याच वर्षी जानेवारीत एका कारखान्याच्या तळावर गेले होते, तेव्हाचा. पाचटाची कोपी, कोपीच्या दारात बसलेली बाई, मांडीवर मूल, नजर कुठेतरी लांब. खालची ओळही माझीच होती : 'उपाशी भारतमाता'. बैठकीत ती ओळ सगळ्यांना फार आवडली होती. मलाही आवडली होती, हे कबूल करायला हवं.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी ती बाई स्वतःच आली. सोबत शाळेत जाणारी मुलगी होती. मुलीनं ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. बाई बराच वेळ पोस्टरसमोर उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी उपाशी नव्हते. सकाळीच भाकरी-कालवण झालं होतं. पोराला ताप होता अन् मुकादम दवाखान्यात जाऊ देईना. गेलीस तर खाडा धरीन म्हणला. म्हणून तोंड उतरलं होतं माझं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "फोटू माझा हाय, मग खाली नाव दुसरीचं कसं?"

खाडा म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस काम चुकलं की त्या उचलीत दंडाची भर. बाई आजारी असो, बाळंतीण असो, पोर तापानं फणफणलेलं असो, खाडा चुकत नाही. मी लिहिलेल्या ओळीत यातलं काहीही नव्हतं. भुकेला कोणी मालक नसतो. भूक दुष्काळानं येते, नशिबानं येते, असं म्हणून पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. खाडा मात्र कोणीतरी लावतो आणि त्याचे पैसे कोणाच्या तरी खिशात जातात. 'उपाशी' या एका शब्दानं मी मुकादमाला त्या फोटोतून सोडून दिलं. 'भारतमाता' या दुसऱ्या शब्दानं त्या बाईलाही तिच्या फोटोतून घालवून दिलं.

त्या रात्री मला एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात पाहिलेला एक फोटो आठवला. आपल्यापैकी अनेकींनी तो कुठे ना कुठे पाहिला असेल. अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या महामंदीचा विषय निघाला की तोच फोटो छापला जातो. मध्यभागी कष्टानं रापलेल्या चेहऱ्याची बाई, एक हात हनुवटीशी, मांडीवर तान्हं मूल आणि दोन्ही खांद्यांवर पाठमोरी दोन मुलं. 'मायग्रंट मदर', म्हणजे स्थलांतरित आई, या नावानं तो जगभर ओळखला जातो. आम्हाला तो शिकवला गेला तो समाजकार्यातल्या फोटोग्राफीचा आदर्श म्हणून. त्या बाईचं पुढे काय झालं हे वर्गात कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते मी नंतर वाचलं.

हा फोटो डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये काढला. शेतकरी पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या एका सरकारी खात्यासाठी त्या फोटो काढत असत. हे काम १९३७ पासून 'फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या नावानं ओळखलं जाऊ लागलं. कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडला होता. गारठ्यानं पीक गेलं होतं आणि तोडणीला आलेले मजूर कामाविना अडकून पडले होते. लँग रस्त्यानं पुढे निघून गेल्या होत्या, वीसेक मैलांवरून परत फिरल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी या एका कुटुंबाचे काही फोटो काढले. बाईचं नाव किंवा तिची हकीकत आपण विचारली नाही, हे लँग यांनी स्वतः १९६० साली लिहून ठेवलं आहे. बाईचं वय तेवढं नोंदलं, बत्तीस.

फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि सरकारनं तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवलं. म्हणजे फोटोचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. पण अन्न पोचलं तेव्हा हे कुटुंब तिथून निघून गेलेलं होतं. सरकारी कामात काढलेला असल्यामुळे फोटो कोणालाही वापरता येत होता. तो पुस्तकांत आला, प्रदर्शनांत आला, १९९८ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला. संकटातही न मोडलेल्या अमेरिकन आईचा चेहरा म्हणून तो देशाच्या ओळखीचा भाग झाला.

त्या बाईचं नाव जगाला कळायला बेचाळीस वर्षं जावी लागली. १९७८ साली एका स्थानिक पत्रकारानं तिला शोधून काढलं. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. फोटो काढायला नको होता असं वाटतं, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, एक प्रत पाठवते म्हणून सांगितलं होतं ती कधी आली नाही, असं तिनं बोलून दाखवलं. अन्नासाठी कुटुंबानं गाडीचे टायर विकले असं लँग यांच्या टिपणात होतं. तिच्या मुलाचं पुढे म्हणणं असं की ज्या टायरांवर आम्ही तिथून निघालो त्यांच्याखेरीज आमच्याकडे टायरच नव्हते, तर विकणार काय? म्हणजे तिथेही खालची ओळ चुकलेलीच होती. १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी लोकांना आवाहन केलं, फोटो ओळखणाऱ्या हजारो लोकांनी मदत पाठवली, आणि त्याच वर्षी ती गेली.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच एका गोष्टीनं. फ्लॉरेन्स थॉम्प्सन चेरोकी होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची बाई. या जमातीला १८३०च्या दशकात तिच्या जमिनीवरून लष्कराच्या धाकानं हुसकावून शेकडो मैल पश्चिमेला नेलं गेलं आणि त्या वाटेवर हजारो माणसं मेली. जिथे त्यांना नेऊन टाकलं त्याच मुलखात १९०३ साली फ्लॉरेन्सचा जन्म झाला. लोकांनी मात्र फोटोतल्या बाईला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजूनच आपलं मानलं. ती चेरोकी आहे हे १९३६ साली छापलं गेलं असतं, तर तिचा चेहरा राष्ट्राचा चेहरा झाला असता का?

हा प्रश्न नुसता तर्काचा नाही. या खात्याच्या फोटो विभागाचे प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. कोणते फोटो ठेवायचे हे ते ठरवत, आणि नापसंत निगेटिव्हना भोक पाडून ती कायमची बाद केल्याची उदाहरणं आहेत. १९३७ साली त्यांनी लँग यांना पत्रातून कळवलं की कुळांचे फोटो काढताना भर गोऱ्या कुळांवर ठेवा, कारण त्यांचेच फोटो जास्त ठिकाणी वापरले जातील. स्ट्रायकर काही दुष्ट माणूस नव्हते. गरिबांसाठीची सरकारी मदत टिकावी म्हणूनच ते धडपडत होते. पण मदतीला पात्र कोण दिसतं याचा देशाचा ठोकताळा त्यांनी निमूट मान्य केला. देणगीदारांसाठी अहवाल तयार करताना आपण फोटो कसे निवडतो ते आठवा. हसणारी बाई नको, पायात चांगली चप्पल असलेली नको. आपल्या हातात भोक पाडायचं यंत्र नसतं एवढाच फरक.

याच डोरोथिया लँग यांना १९४२ साली सरकारनं दुसरं काम दिलं. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातली जवळजवळ दोनतृतीयांश माणसं जन्मानं अमेरिकेची नागरिक होती. या हलवाहलवीची नोंद ठेवायला लँग यांना नेमलं होतं. त्यांनी शाळेच्या अंगणात छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाला वंदन करणाऱ्या लहान मुली टिपल्या, ज्यांना पुढे घर सोडायचं होतं. एका किराणा दुकानावर मालकानं लावलेली मोठी पाटी टिपली, 'मी अमेरिकन आहे'. लष्कराला जे दाखवायचं होतं त्यापेक्षा हे फोटो फार जास्त सांगत होते. युद्ध संपेपर्यंत ते जप्त करून ठेवले गेले, नंतर सरकारी दप्तरात गेले, आणि त्यातला मोठा भाग पुस्तकरूपानं लोकांसमोर आला तो २००६ साली. या माणसांची माफी मागणारा आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर भरपाई देणारा कायदा अमेरिकेनं १९८८ मध्ये केला होता.

दोन्ही वेळी कॅमेरा त्याच बाईच्या हातात होता आणि पगार सरकारचाच होता. एका फोटोत राष्ट्राला आपली सोशिक आई दिसली आणि तो घरोघरी पोचला. दुसऱ्या फोटोंत राष्ट्राचा स्वतःचा अन्याय दिसत होता, ते कुलपात गेले. राष्ट्राचा चेहरा म्हणून आपल्यासमोर जे येतं ते अशा निवडीतून येतं. त्यात बाईला जागा मिळते, पण बहुतेक वेळा एकाच अटीवर. तिनं सोसायचं, कोणाकडे बोट दाखवायचं नाही.

हे काम वेगळ्या तऱ्हेनंही होऊ शकतं, याचं उदाहरण त्याच खात्यात त्याच वर्षी घडलं. गॉर्डन पार्क्स हा तरुण काळा फोटोग्राफर १९४२ मध्ये वॉशिंग्टनला स्ट्रायकर यांच्याकडे कामाला आला. कचेरीच्या इमारतीत झाडू-पोछा करणारी एला वॉटसन नावाची बाई त्याला भेटली. तो आधी तिच्याशी बोलला. तिच्या वडिलांना झुंडीनं ठार मारलं होतं, नवरा गोळी लागून गेला होता आणि वर्षाला १,०८० डॉलर पगारावर ती नातवंडांना वाढवत होती. पार्क्सनं तिला भिंतीवरच्या भल्यामोठ्या राष्ट्रध्वजासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. या फोटोनं आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील असं स्ट्रायकर म्हणाल्याचं पार्क्सनं पुढे सांगितलं आहे. पण पार्क्स एका फोटोवर थांबला नाही. पुढेही तो तिच्याबरोबर जात राहिला, तिच्या घरी, नातवंडांत, चर्चमध्ये. हाही फोटो ठरवून, उभं करून काढलेलाच होता, आणि त्याला नावही पार्क्सनंच दिलं. तरी आज त्याबद्दल बोलताना आपण एला वॉटसनचं नाव घेतो, तिचा पगार सांगतो, तिला गरीब कोणी ठेवलं हे विचारतो. ध्वज आणि बाई एकाच चौकटीत असूनही ती ध्वजात विरघळून गेली नाही.

आपल्याकडे भारतमाता हे नाव तर फार सहज वापरलं जातं. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली तिचं चित्र काढलं, १९५७ साली 'मदर इंडिया' सिनेमा आला, आणि कॅलेंडरांवर ती वर्षानुवर्षं आहेच. आईला देश मानणाऱ्या या देशात प्रत्यक्षातल्या बाईच्या नावाची मात्र फारशी आठवण राहत नाही. होमाई व्यारावाला यांचंच घ्या. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेली ही आपली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. १५ ऑगस्ट १९४७चे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो त्यांनी काढले. स्वतंत्र भारत आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बऱ्याच अंशी त्यांच्या कॅमेऱ्यातून. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापले जात ते त्यांच्या नवऱ्याच्या नावानं. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

आणि २०२० चा टाळेबंदीचा काळ आठवा. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल घेऊन हमरस्त्यानं चालत निघालेल्या बायांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. ते एकमेकींना पाठवले, त्यावर लिहिलं, रडलो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गावी परतताना किती मजूर मेले याची आकडेवारी आपल्याकडे नाही, असं सरकारनं लोकसभेत सांगितलं. फोटो हजारो होते, पण नावांची यादी नव्हती. भरपाईचा अर्ज फोटोवर भरता येत नाही. त्याला नाव लागतं, गाव लागतं, तारीख लागते.

हे सगळं मी आमच्या गटाच्या बैठकीत मांडलं, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं विचारलं, "इतक्या बारकाव्यात शिरलो तर पोस्टर कधी करायचं? चळवळीला प्रतीकं लागतातच की." तिचं म्हणणं खोटं नाही. मोर्च्यात हातात धरायला चेहरा लागतो. दुसरीनं विचारलं, "आणि नाव दिल्यानं तिलाच त्रास झाला तर?" हेही खरं. बलात्कारित स्त्रीची ओळख जाहीर करायला तर कायद्यानंच बंदी आहे. आधी भारतीय दंडसंहितेचं कलम २२८-अ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हा आपलं दुखणं सांगणाऱ्या बाईच्या घरात, भावकीत काय होऊ शकतं याचा विचार करावाच लागत होता. तेव्हा नाव छापणं हा सरसकट नियम होऊ शकत नाही. पण नाव विचारणं हा होऊ शकतो. विचारायचं, लिहून ठेवायचं, आणि छापायचं की नाही हे कायद्याच्या मर्यादेत तिनं ठरवायचं.

त्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. फोटो काढण्याआधी बोलायचं आणि काढल्यावर तिथेच दाखवायचा. खालची ओळ तिला वाचून दाखवल्याशिवाय छापायची नाही. ओळीत तिचं दुःख लिहायचं असेल, तर ते कोणामुळे आहे तेही लिहायचं. फोटोची एक प्रत तिच्या घरी पोचवायची, नुसतं आश्वासन द्यायचं नाही. आणि 'भारतमाता', 'नारीशक्ती' असले शब्द ओळीत घालायचा मोह झाला, की आपण कोणाचं नाव खोडतो आहोत हे आधी विचारायचं. यात नवं शास्त्र काही नाही. घरी आलेल्या पाहुणीचं नाव आपण विचारतोच.

डिसेंबर २०२२ मध्ये मी पुन्हा तळावर गेले, फोटोची प्रत घेऊन. मोळ्या बांधून, गाडी भरून ती अंधारात परतली होती. चुलीपुढे बसून तिनं फोटो पाहिला आणि ओळ सांगितली. मी लिहून घेतली, दोनदा वाचून दाखवली, एक शब्द तिनं बदलायला लावला. आता पोस्टरवर आधी तिचं नाव आणि गाव आहे. मग लिहिलं आहे : 'माझं पोर दोन दिवस तापानं आजारी होतं. दवाखाना जवळ होता. मुकादमानं खाडा धरीन म्हणून सांगितलं, म्हणून गेले नाही. त्या दिवशी ताईनं हा फोटो काढला.'

बदललेला शब्द होता 'सोडलं नाही'. मी लिहिलं होतं, 'मुकादमानं सोडलं नाही'. ती म्हणाली, "तसं नको. मी काय बांधलेली नव्हते. मीच गेले नाही, खाड्याच्या भ्यानं. तसंच लिव."

तिचं नाव या पानावर का नाही, असं तुम्ही विचाराल. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "पोस्टरवर लाव. ते मी येऊन बघू शकते. छापलेलं पुस्तक कुठं कुठं जातं ते मला काय ठाऊक?" तेव्हा इथे नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या कचेरीच्या भिंतीवर, जुन्या अहवालांत, पत्रकांवर असे किती चेहरे असतील? त्यातल्या एकीचा फोटो या तिमाहीत काढा, ती अजून गावात असेल तर तिच्याकडे जा, आणि खालची ओळ तिला वाचून दाखवा. ती काय म्हणाली ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत. फोटो पाठवण्याआधी मात्र तिला विचारा.